'टक्' वाजतं, पण गाडी उठत नाही!



गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघे सभासद स्केरीजला आपल्याच एका कुटुंबाकडे चहाला गेलो होतो. चहा राहिला बाजूला, आणि रात्री नऊपर्यंत आम्ही त्यांच्या शेडमध्ये हात काळे करत बसलो. निमित्त त्यांची मोटारसायकल. जपानी बनावटीची, २५० सी.सी., वीस वर्षांहून जास्त वयाची. बटण दाबलं की 'टक्' असा एकच आवाज, पुढे शांतता. ज्या गावात १९४६ साली मोटारसायकलच्या रस्त्यावरच्या शर्यती सुरू झाल्या, तिथे आमच्या मित्राची गाडी अंगणातून हलेना!

त्यांना मात्र यात गंमत वाटत नव्हती. इस्पितळातली नोकरी, रविवारी सकाळी साडेसातची पाळी, आणि त्या वेळेला पोहोचवेल अशी आगगाडी नाही. काही दिवस उतारावरून ढकलून, दुसऱ्या गिअरमध्ये टाकून गाडी सुरू केली. पण एकदा ओल्या रस्त्यावर पडता पडता वाचले, तेव्हा वहिनींनी तो प्रकार बंद करवला. मग दोन रविवार टॅक्सी. गॅरेजवाल्याने गाडी न बघताच फोनवर सांगितलं, "मोटर गेली, नवी घाला." मजुरीसकट आकडा चारशे युरोंच्या घरात. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही एकदा बघा, नाहीतर आम्ही ती विकतोच."

आपण बहुतेक जण किकच्या जमान्यातले. सकाळी चेतक एका बाजूला कलती करायची, मग किक, मग पुन्हा किक. १९८४ च्या सुमारास कायनेटिक होंडा आली आणि बटणावर सुरू होणारी गाडी आपल्या गल्लीत दिसू लागली. खरं तर अमेरिकेतल्या 'इंडियन' नावाच्या कंपनीने (नावापलीकडे आपला संबंध नाही!) १९१४ सालीच सेल्फ स्टार्टरची मोटारसायकल काढली होती, पण तेव्हाच्या बॅटऱ्यांना ते ओझं पेललं नाही. म्हणून आजही पहिला संशय बॅटरीवरच घ्यायचा.

पण आधी आवाज ऐकायचा. बटणातून जाणारा करंट अगदी थोडा. तो रिलेला उठवतो, आणि रिले बॅटरीची जाड तार मोटरला जोडतो. 'टक्' म्हणजे रिले उठला. अर्थात बटण, क्लचचा स्विच, स्टँडचा स्विच हे सगळे ठीक. आवाजच नसेल तर तिकडे बघावं. स्टँडच्या स्विचमध्ये चिखल फार जातो. 'टक्-टक्-टक्' अशी माळ लागली तर बहुतेक बॅटरी उतरलेली. आणि मोटर गरगर फिरते पण इंजिन फिरत नाही, असं असेल तर दोष इंजिनच्या आतल्या एकतर्फी क्लचमध्ये. ते आपलं काम नव्हे.

गाडी न्यूट्रलमध्ये घेतली, शेडचं दार उघडं ठेवलं आणि मल्टिमीटर लावला. बॅटरी १२.७ व्होल्ट, म्हणजे भरलेली. बटण दाबल्यावर १२.३. इथे आम्ही चुकलो. आमच्यातल्या नाशिककरांनी लगेच मोटर खोलायला पाना उचलला, आणि आम्हीही मान डोलावली. वहिनींनी विचारलं, "मोटर अडकली असेल तर बॅटरी एवढी ताजी कशी?" बरोबर होतं! अडकलेली मोटर करंट ओढत राहते आणि बॅटरी दहाच्याही खाली येते. इथे करंट जातच नव्हता. वाटेत कुठेतरी अडला होता.

मग बटण दाबून धरून एकेक टप्पा मोजला. रिलेच्या दोन जाड टोकांमध्ये ०.१ व्होल्ट, म्हणजे रिले निर्दोष. नंतर बॅटरीचं ऋण टोक आणि इंजिनचं उघडं धातूचं अंग यांच्यामध्ये मीटर लावला. इथे अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं. आले ९! मोटरच्या वाट्याला जेमतेम तीन उरत होते. तेवढ्यात यजमान म्हणाले, "क्लचची केबल कोमट लागतेय." लागणारच. परतीची जाड तार तुटत आली की करंट मिळेल त्या धातूतून घरी जातो.

इंजिनमागे बोल्टखाली अर्थची तार होती. टोकावर हिरवी भुकटी, निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या. समुद्राची खारी हवा, त्यात हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ. इथल्या जुन्या गाड्यांचं हे ठरलेलं दुखणं.

बॅटरीची ऋण तार आधी सोडली. बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, काही युरोंची नवी तार शनिवारी आणून घट्ट आवळली आणि वरून व्हॅसलीन फासलं. पुन्हा मोजलं तर ९ च्या जागी ०.२. बटण दाबलं, गाडी पहिल्या दमात उठली, आणि शेजारच्या आयरिश आजोबांनी खिडकीतून अंगठा दाखवला.

मोटरपर्यंत पूर्ण व्होल्ट पोहोचूनही ती ढिम्म राहिली असती, तर मात्र नाशिककर बरोबर ठरले असते: कार्बन झिजलेले असणार. बऱ्याच मोटरींचे कार्बन वेगळे मिळतात, तेव्हा नव्या मोटरीचे पैसे देण्याआधी विचारून बघा. बटण पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, मध्ये अर्धा मिनिट विसावा द्या. आणि रिलेच्या दोन टोकांवर स्क्रूड्रायव्हर टेकवून गाडी सुरू करण्याची आपल्याकडची मेकॅनिकगिरी पेट्रोलच्या टाकीजवळ कृपया करू नका. ठिणगी मोठी पडते.

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फोन आला: "पोचलो." वहिनींनी गाडी विकायचा विषय तूर्त पुढे ढकलला आहे.

मल्टिमीटर मंडळाच्या गणपतीच्या सामानाच्या पेटीत ठेवला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी न्यावा, मात्र परत करताना बंद करून ठेवावा. गेल्या वेळी आतली बॅटरी उतरलेली मिळाली.