केशरी कार्ड आणि १७० रुपये

धान्य पिकवणाऱ्याला रेशन कशाला, असं शहरातली मंडळी मला विचारतात. धाराशिवकडं घर चालतं ते शाळूवर, म्हणजे रब्बीच्या ज्वारीवर. पाऊस गेला की कणगी रिकामी, आणि नेमकी त्याच वर्षी बाजारात ज्वारी महाग. एरवी विकणारा शेतकरी तेव्हा पिशवी घेऊन दुकानात उभा असतो.

२०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीत केशरी कार्डवाले बरेच शेतकरी बसले नाहीत. म्हणून २०१५ साली राज्य सरकारनं आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत, म्हणजे सगळा मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा इथं, त्यांनाही माणशी महिना ५ किलो धान्य सुरू केलं. गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये किलो. २०२२ मध्ये केंद्राकडून त्यासाठी धान्य मिळेनासं झालं. २०२३ पासून धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये आले. २०२४ मध्ये त्याचे १७० झाले.

पैसे कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यात जातात, हे मला पटलं. गव्हाऐवजी भाकरीची ज्वारी घेता येते, हेही खरं. पण हिशेब करून पाहा. १७० रुपयांत ५ किलो बसवायचं तर भाव ३४ रुपयांवर जाता कामा नये. दुकानातले ५ किलो दुष्काळातही ५ किलोच भरत. नोकरदाराचा भत्ता महागाईबरोबर वाढतो. ही रक्कम वाढायला मात्र दर वेळी मंत्रालयातून नवा आदेश निघावा लागतो.