भार मागे, पकड पुढे नेते

अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतीत मोटार थांबलेल्या स्थितीतून सुटून सरळ पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर धावते. सुटतानाच मागची चाके जागच्या जागी घसरली, तर इंजिनाची ताकद फुकट जाते.

वेग घेताना भार मागे सरकतो. किती, ते आपण काढू: वस्तुमान × त्वरण × गुरुत्वमध्याची उंची ÷ दोन आसांतले अंतर. मोटार १५०० किलोची, त्वरण गुरुत्वत्वरणाइतके, उंची ५० सेंमी. आणि अंतर २५० सेंमी. धरू. मग ३०० किलो वजनाइतका भार मागे जातो.

सूत्रात स्प्रिंग कुठेच नाही! मग ती जुळवायची कशाला? इंजिनाचा पीळ मागच्या एकसंध आसाला मिळाला, की उजवे चाक हलके होते आणि आधी घसरते. म्हणून उजवी स्प्रिंग आधीच थोडी जास्त दाबून ठेवतात. सुटताना दोन्ही चाकांवर भार जवळजवळ सारखा पडतो.