लष्करी विमान अपघात : चौकशीचा अहवाल कोणासाठी?

तामिळनाडूतील कुन्नूरजवळ ८ डिसेंबर २०२१ रोजी हवाई दलाचे एमआय-१७ व्ही ५ हेलिकॉप्टर कोसळले. संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांच्यासह १४ जणांचा मृत्यू ओढवला. तिन्ही दलांच्या संयुक्त चौकशीचे प्राथमिक निष्कर्ष हवाई दलाने १४ जानेवारी २०२२ रोजी एका छोटेखानी निवेदनाद्वारे जाहीर केले. यांत्रिक बिघाड, घातपात किंवा निष्काळजीपणा यांपैकी काहीही घडलेले नसून, दरीतील हवामान अचानक पालटल्याने हेलिकॉप्टर ढगांत शिरले व वैमानिकास दिशाभ्रम झाला, असे त्यात म्हटले होते. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचा अहवाल लोकसभेत सादर झाला. त्यात मात्र याच अपघाताचे कारण वैमानिक चमूची 'मानवी चूक' असे नोंदविलेले होते. ही दोन्ही विधाने परस्परविरोधी असतीलच असे नाही. तथापि, त्यांचा मेळ कसा घालायचा हे सांगणारा संपूर्ण अहवाल जनतेसमोर आलेला नाही.

नागरी विमानवाहतुकीत चित्र वेगळे आहे. अहमदाबादेत १२ जून २०२५ रोजी झालेल्या एअर इंडियाच्या विमान अपघातात २६० जणांनी प्राण गमावले. त्याचा प्राथमिक अहवाल महिन्याभरात सर्वांना वाचावयास मिळाला. मात्र, नागरी विमानवाहतुकीसंबंधीचा १९४४चा शिकागो करार लष्करी विमानांना लागू होत नाही. त्यांची चौकशी दलांतर्गत 'कोर्ट ऑफ इन्क्वायरी' करते, आणि माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ (१) (अ) नुसार सुरक्षेच्या कारणास्तव माहिती नाकारता येते.

गोपनीयतेमागची कारणे निव्वळ सबबी नव्हेत. विमानाच्या क्षमता व उणिवा शत्रूला कळू नयेत, हे रास्तच आहे. शिवाय, आपली जबानी आपल्याच विरोधात वापरली जाईल अशी धास्ती असेल, तर तंत्रज्ञ वा सहवैमानिक मोकळेपणाने बोलणार नाहीत. अमेरिकी हवाई दलाने यावर दुहेरी चौकशीचा मार्ग काढला आहे. पहिली चौकशी केवळ सुरक्षिततेसाठी असते आणि तिच्यातील जबान्या गोपनीय राहतात. दुसरी स्वतंत्रपणे होते. तिचा अहवाल प्रसिद्ध केला जातो आणि मृतांच्या कुटुंबीयांना त्याची माहिती दिली जाते.

पारदर्शकता नसेल, तर त्याची किंमत बहुधा मृत वैमानिकांना मोजावी लागते. २ जून १९९४ रोजी स्कॉटलंडमध्ये ब्रिटिश हवाई दलाचे चिनुक हेलिकॉप्टर कोसळून त्यातील सर्व २९ जण मरण पावले. पुढील वर्षी वरिष्ठ अधिकाऱ्यांनी दोन्ही वैमानिकांवर घोर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. कुटुंबीयांच्या दीर्घ लढ्यानंतर झालेल्या स्वतंत्र फेरआढाव्यामुळे २०११ मध्ये तो मागे घेण्यात आला आणि संरक्षणमंत्र्यांना कुटुंबीयांची माफी मागावी लागली.

आपल्याकडे यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. सार्वजनिक हित अधिक मोठे असेल, तर संरक्षित माहितीही देता येते, अशी तरतूद माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ (२) मध्ये आहे. शस्त्रास्त्रे व दळणवळण यांचा तपशील आणि साक्षीदारांची नावे वगळून, अपघाताचा घटनाक्रम, त्याची कारणे आणि योजलेले उपाय एवढे तरी जाहीर करता येईल. 'मानवी चूक' हा शेरा ज्याच्या नावावर पडतो, तो बहुधा उत्तर द्यायला हयात नसतो. त्याच्या वतीने पुरावा तपासण्याची संधी निदान त्याच्या कुटुंबीयांना आणि देशाला मिळायला हवी.