बत्तिशीबाहेरचे दात

दातावर दात असलेले मूल भाग्यवान, असे आजही घरोघरी म्हटले जाते. भाग्याचे ज्याचे त्याने पाहावे. पण तो दात जादा मात्र बहुधा नसतो. जबड्यात जागा अपुरी पडली की उशिरा येणारा वरचा सुळा रांगेबाहेर ढकलला जातो, एवढेच. मोजून पाहिले तर दात नेमके तेवढेच भरतात. खरा जादा दात बहुतेकदा दिसतच नाही. टाळूच्या बाजूला हाडात, आडवा किंवा चक्क उलटा, तो वर्षानुवर्षे निमूट पडून असतो.

त्याचा पत्ता लागतो तारा बसवायच्या वेळी. दात वेडेवाकडे आहेत म्हणून आई-वडील मुलाला ऑर्थोडॉन्टिस्टकडे नेतात आणि डॉक्टर आधी ओपीजी काढायला सांगतात. दोन्ही जबडे एकाच चित्रात दाखवणारा हा एक्स-रे. त्यात पटाशीच्या दोन दातांच्या मुळांमध्ये छोटासा, टोकदार, खुंटीसारखा पांढरा आकार दिसतो. ‘मेसिओडेन्स’ नावाचा हा दात जादा दातांमध्ये सर्वाधिक आढळतो. समोरच्या दातांतली मोठी फट, गिरकी घेतलेला दात किंवा वेळ उलटूनही न आलेला दात यांचे मूळ कधी कधी इथे असते.

किती जणांना असतो असा दात? कायमच्या दातांच्या बाबतीत साधारण शंभरात एक ते तीन जणांना, असे बहुतेक पाहण्यांतून दिसते. दुधाच्या दातांत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. मुलींपेक्षा मुलांमध्ये ते जवळपास दुप्पट. पण ही आकडेवारी जरा जपूनच वापरावी. धडधाकट माणसाच्या जबड्याचा एक्स-रे उगाच कोण काढतो? त्यामुळे पुष्कळ अभ्यास तारा लावायला आलेल्यांच्याच फिल्मवर बेतलेले असतात. ही मंडळी दातांची तक्रार घेऊनच आलेली, आणि ती तक्रार कधी कधी जादा दातामुळेच उद्भवलेली. दवाखान्यातली टक्केवारी जशीच्या तशी गावाला लावली तर हिशेब चुकणारच.

बहुतेकांना जादा दात एकच असतो. अनेक असतील तर डॉक्टर क्लायडोक्रेनियल डिसप्लेजियासारख्या आनुवंशिक विकाराची शंका घेतात. त्यात गळपट्टीची हाडेही अपुरी वाढलेली असतात.

जादा दातांचा सर्वांत प्रसिद्ध धनी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बलसारा, म्हणजेच पुढचा प्रसिद्ध गायक फ्रेडी मर्क्युरी. पुढे आलेल्या दातांवरून शाळेत मुले त्याला ‘बकी’ म्हणून चिडवत. आपल्याला चार दात जादा आहेत, असे तो सांगे. पैसा आला तरी त्याने ते काढले नाहीत. आवाज बिघडेल ही धास्ती. त्या चार दातांमुळे गळा असा झाला ही चाहत्यांची लाडकी समजूत, तिला पुरावा नाही.

2014 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात बुलढाण्याच्या एका 17 वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून 232 दात काढले, तेव्हा बातमी जगभर गेली. 2019 मध्ये चेन्नईत सात वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून 526 निघाले. हा मात्र वेगळा प्रकार. ‘ओडोन्टोम’ ही दातांच्या ऊतींची निरुपद्रवी गाठ. तिच्यात दाण्याएवढे कितीतरी दात साठतात.

साध्या जादा दातावरचा उपाय जुनाच. अधिक दात उपटून त्या जागी डाग द्यावा, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. आज डाग देत नाहीत. थ्रीडी स्कॅनवर दात टाळूकडे आहे की ओठाकडे हे पाहतात, तो काढतात आणि अडलेल्या दाताला बारीक साखळी चिकटवून खाली ओढतात. त्रास नसेल तर नुसती नजर ठेवूनही चालते. क्योटोत तर उलट दिशेने काम चालले आहे: यूएसएजी-1 हे प्रथिन नसलेल्या उंदरांना जादा दात येतात, हे पाहून त्याला रोखणारे औषध तयार झाले आणि नवा दात उगवावा या आशेने 2024 पासून माणसांवर त्याच्या चाचण्या सुरू आहेत.

पालकांनी एवढे पाहावे: सातव्या-आठव्या वर्षी वरचा पटाशीचा एक दात आला आणि सहा महिने उलटूनही त्याचा जोडीदार आला नाही, तर ‘येईल हळूहळू’ म्हणत थांबू नये, एक्स-रे काढून घ्यावा.