वित्तसंस्थांची खोली

कोणाला शिल्लक पैसा सुरक्षित ठेवावयाचा असतो, तर कोणाला बी-बियाण्यासाठी कर्ज हवे असते. या दोघांची गाठ बँक घालून देते. देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या मानाने बँकांनी दिलेली कर्जे किती, यावरून तेथील वित्तसंस्थांची खोली मोजतात.

हिमालयातील भूतान आणि उत्तर अटलांटिक महासागरातील आइसलँड हे दोन लहान देश पाहा. भूतानमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक व्यवहार वस्तुविनिमयाने चालत. करही धान्य, लोणी यांच्या रूपाने भरला जाई. तेथील पहिली बँक १९६८ साली निघाली. तोवर गरजवंताला आप्त-शेजाऱ्यांवाचून फारसा आधार नव्हता. खोली कमी असल्याचा हा तोटा होय.

आइसलँडमध्ये मात्र १८८६ सालीच बँक उघडली होती. २००८ सालापर्यंत तेथील तीन मोठ्या बँकांचा पसारा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे दहापट झाला. त्यातील पुष्कळसा पैसा परदेशांतून उसना आणलेला होता. जगावर आर्थिक संकट येताच नवे कर्ज मिळेनासे झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात काही दिवसांतच तिन्ही बँका कोसळल्या. एवढा भार उचलण्याची शक्ती त्या चिमुकल्या देशात नव्हती. सरकारने देशातील ठेवी सांभाळल्या. तरी अनेकांचे रोजगार गेले आणि घरांची कर्जे डोईजड झाली.

उथळ विहीर उन्हाळ्यात आटते, हे खरे; परंतु फार खोल खणलेली विहीर नीट बांधून काढली नाही, तर तीही ढासळते. वित्तसंस्थांचेही तसेच आहे.