तामण की नीलमोहर?

एप्रिल आला की जांभळ्या फुलांनी डवरलेल्या झाडाचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात आणि खाली ठरलेली ओळ असते: 'आपलं राज्यपुष्प, तामण!' फोटो पुण्यातल्या एखाद्या रस्त्यावरचा असेल, तर झाड पुष्कळदा नीलमोहराचं, म्हणजे जॅकरांडाचं निघतं. रंग सोडला तर दोघांत साम्य जवळपास नाहीच.

खाली पडलेलं फूल उचलून पाहावं. तामणाच्या पाकळ्या सुट्या, बहुधा सहा. ओल्या पिळून तशाच ठेवलेल्या मलमलीसारख्या चुणीदार. मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. या फुलात मध नसतो, मधमाश्या येतात त्या परागासाठी. नीलमोहराच्या पाकळ्या मात्र जुळून त्यांची नळी झालेली असते. नळीत कामाचे पुंकेसर चार. पाचवा वांझ, पण सगळ्यांत लांब आणि केसाळ तोच! ही नळी अख्खीच गळते, म्हणून झाडाखाली सडा पडतो तो नीलमोहराचा.

फुलं नसतील तर पानं बघा. तामणाचं पान मोठं, साधं, गळण्याआधी लालसर होणारं. नीलमोहराचं गुलमोहरासारखं बारीक पर्णिकांचं. फळांतही गल्लत होत नाही: तामणाची गोल बोंडं महिनोन्महिने फांदीवर राहतात, नीलमोहराची फळं चपटी नि टणक.

फोटोत बाजी मारतो नीलमोहर, हे कबूल करायला हवं. तो बहुधा निष्पर्ण असताना फुलतो, त्यामुळे सगळं झाडच जांभळं दिसतं. महाराष्ट्र दिनाच्या सुमारास बहरणाऱ्या तामणाचे उभे तुरे मात्र हिरव्या पानांतून वर येतात.

लावायचं कोणतं? इथे देशी-विदेशी वादापेक्षा हवा महत्त्वाची. तामण कोकणातल्या, सह्याद्रीतल्या ओढ्याकाठचं झाड. त्याचं लाकूड पाण्यात टिकतं, म्हणून होड्यांसाठी वापरलं जाई. नीलमोहर मूळचा अर्जेंटिना-बोलिव्हियाचा. दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाची तर तो ओळखच आहे, तरी त्या देशाने त्याला आक्रमक वनस्पतींच्या यादीत टाकून नव्या लागवडीवर निर्बंध घातले आहेत. पुणे-बंगळूरच्या पठारी, कोरड्या हवेत तो छान फुलतो. मुंबई-रत्नागिरीच्या दमट उष्म्यात झाड वाढतं, पण बहर बेताचाच येतो. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी रोपवाटिकेत तामणच मागावा, आणि पैसे देण्याआधी पान साधं आहे ना, तेवढं बघून घ्यावं.