बोट ठेवावं तिथला पत्ता

पत्ता सांगताना आपण म्हणतो, 'वडापासून आत वळा, तिसरं घर.' पण वड उन्मळून पडला, की पत्ताही गेला. रानातली विहीर, डोंगरावरचा पाडा यांना तर घरक्रमांकही नसतो. अशा वस्तीवर रात्री रुग्णवाहिका बोलवायची, तर अक्षांश-रेखांश कामी येतात.

संगणकाच्या नकाशावर क्लिक करावं आणि हे आकडे दिसावेत, एवढ्यासाठी दहा-बारा ओळींचा प्रोग्राम पुरतो. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. भाच्याशेजारी बसून हे समजून घेतलं. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, २००४ साली सुरू झालेला, लोकांनीच मिळून भरलेला. तो पडद्यावर मांडायला लीफलेट हे मोफत साधन २०११ साली आलं. त्याला तीन गोष्टी सांगायच्या: क्लिकची वाट पाहा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश घे आणि तिथेच छोट्या चौकटीत दाखव.

पडद्याला मात्र अंश कळत नाहीत. त्याला कळतात ठिपके. डावीकडून इतके, वरून इतके. त्यांचे अंश करण्याचं गणित लीफलेट करतं. रेखांशाचा हिशेब सरळ आहे. अक्षांशाचा अवघड, कारण मर्केटरच्या १५६९ सालच्या पद्धतीवर बेतलेला हा नकाशा ध्रुवांकडे ताणत जातो.

जपायचं दोन ठिकाणी. पहिलं, क्रम. गेटवे ऑफ इंडिया सुमारे १८.९२ उत्तर, ७२.८३ पूर्व इथे आहे. लीफलेट अक्षांश आधी देतं. पण हीच माहिती जिओजेसन या प्रचलित पद्धतीने साठवताना रेखांश आधी लिहावा लागतो. अदलाबदल झाली, तर गेटवे थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात! कवितेत शब्द हलला तर अर्थ हलतो. इथे आकडे हलले तर रुग्णवाहिकेला वस्तीच सापडत नाही.

दुसरं, दशांश. प्रोग्राम दशांश चिन्हापुढे दहा-बारा आकडेही दाखवील. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. पाचव्या दशांशापर्यंत गेलं, की सुमारे एक मीटर. घर सापडायला तेवढं पुष्कळ. पुढचे आकडे नेमकेपणाचा आव आणतात. शिवाय नकाशा दूरचा असेल, तर बोटाखाली अख्खी गल्ली झाकली जाते. म्हणून आधी नकाशा मोठा करावा, मग बोट ठेवावं.

आपल्या घराचे हे दोन आकडे कागदावर लिहून दाराआड चिकटवा. अक्षांश कोणता, रेखांश कोणता, तेही शेजारी लिहा. गडबडीच्या वेळी फोनवर बोलणाऱ्याला ते वाचता आलं पाहिजे.